बाकी

केंजळे सरांनी पहिल्याच शनिवारी सांगितलं:
कागदावर सापडेल ते शाईने लिहा,
घरात ऐकलेलं शिसपेनने.
आणि खोडरबर घरी ठेवून या.

टिळक रोडवरच्या शाळेत, चित्रकलेच्या खोलीत
आम्ही सात जण. पाच निवृत्त, एक वकील,
आणि मी, तांबट आळीतून वारज्याला आलेल्या घरातली,
जिच्या वहीत दोन महिने नुसतं शिसपेन.

त्यातली सगळ्यात गडद ओळ:
आजोबा, केरोबा सखाराम, मिठाच्या वेळी येरवड्यात.
ही ओळ बाबांनी शाळेत सांगितली,
मुलगी बघायला गेले तेव्हा सांगितली,
सोसायटीच्या झेंडावंदनाला दरवर्षी सांगतात,
शर्टाच्या बाहीची घडी मोडू न देता.

दफ्तरखान्यातल्या बाईंनी विचारलं, कोण लागतात?
आजोबा.
आहेत?
चोपन्न साली गेले.
मग आता काय काम निघालं?
मला उत्तर येईना. त्यांनी चहा संपवला
आणि तरीही बस्ता काढून दिला.

चौथ्या दिवशी, धुळीने नाक चोंदलेलं असताना,
सन एकतीस, पान मागे-पुढे चिकटलेलं,
केरोबा वल्द सखाराम, वय सव्वीस, धंदा तांबट.
गुन्हा: चोरी.
तांब्याच्या घागरी, नग दोन.
शिक्षा: तीन महिने, सक्तमजुरी.
उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग.

त्या डागाशी मी बराच वेळ थांबले.
आजोबांचा फोटो नाही घरात एकही.
म्हणजे चेहऱ्यातलं जे पहिलं मला मिळालं
ते तुरुंगाने टिपून ठेवलेलं.

वारज्याच्या बसमध्ये बसले, उतरायचं विसरले.
माळवाडीच्या शेवटच्या थांब्यावर कंडक्टर म्हणाला,
ताई, पुढे रस्ता नाही.

शाईची ओळ लिहायला मला नऊ दिवस लागले.
बाबांना वाचून दाखवायला आणखी सहा.
ते गवार मोडत होते. मोडत राहिले.
एक शेंग, दुसरी शेंग.
मग म्हणाले, घागरी कुणाच्या घडवणीच्या होत्या,
ते लिहिलंय का?
नाही.
ते कसं लिहितील, म्हणाले. त्यांना सगळ्या घागरी सारख्याच.
अगं, ठोका ओळखू येतो. माझ्या बापाचा ठोका
मी आंधळा झालो तरी बोटांनी सांगेन.

नऊ वर्षांचे होते ते, बाप गेला तेव्हा.
हे मी शिसपेनने लिहिलं, तारीख घातली.

घरात एकच मोडी कागद होता,
टाक आणि दोन पूजेच्या सुपाऱ्यांखाली, डब्याच्या तळाशी.
त्याला आई दसऱ्याला हळद-कुंकू वाहायची,
मंत्र असेल म्हणून.
अकराव्या शनिवारी मी तो सरांसमोर उलगडला.
हात न उचलता लिहिणारा कुणीतरी मारवाडी पेढीवरचा,
शब्दाला शब्द चिकटलेला, श्वास घ्यायला जागा नाही.
सर म्हणाले, मी नाही सांगणार. तुम्ही वाचा.

घा. ग. री.
हळदीखाली: नग. पुढचा आकडा कुंकवाने खाल्लेला.
मजुरी.
आणि मग घडीवर, जिथे कागद फाटलाय,
तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने वाचलेला मोडी शब्द:
बाकी.

कुणाची कुणाकडे, ते फाटलेल्या भागात गेलं.
वर्ष नाही. नाव अर्धं, "के" असेल, "फे"ही असू शकेल.
वकिलाने लगेच खटला उभा केला,
मजुरी बुडवली, माणसाने आपलाच माल उचलला,
सगळे हो हो म्हणाले, मलाही म्हणायचं होतं.
सर खिडकीशी उभे होते. म्हणाले,
सुंदर आहे. शिसपेनने.

यंदा पंधरा ऑगस्टला बाबा खाली गेले,
झेंड्याला सलाम केला, जिलबी घेतली.
अध्यक्षांनी माईक पुढे केला.
ते म्हणाले, माझे वडील तांबट होते.
घागर चांगली घडवायचे.
आणि माईक परत दिला.

ती ओळ मी कशाने लिहावी,
अजून ठरलेलं नाही.